१४ टेबलं आणि एक कागद

२३ नोव्हेंबर २०२४, सकाळचे ८. महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी. आधी टपाली मतं. मोठ्या पाकिटातून निघतं घोषणापत्र आणि आतलं बंद पाकीट. घोषणापत्रावर सही किंवा साक्षांकन नसेल, तर आतलं पाकीट उघडतच नाहीत; मत बाद. या मतदारांत निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारीही असतात, मतदान केंद्रावर इतरांना नियम समजावणारे.

साडेआठला मतदान यंत्रं टेबलावर येतात. जाळीपलीकडे पर्यवेक्षक, साहाय्यक, सूक्ष्म निरीक्षक. अलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. कंट्रोल युनिटचा (यंत्राचा मतं साठवणारा भाग) क्रमांक, सील, हिरवी कागदी पट्टी, सगळं आधी दाखवायचं. मग पट्टी फोडून 'रिझल्ट'चं बटण.

आता प्रतिनिधीचा हात पाहा. त्यातला कागद म्हणजे नमुना १७-सी. मतदान संपताना केंद्राध्यक्षाने दिलेली प्रत, त्यात यंत्राचा क्रमांक आणि एकूण मतं. पडद्यावरची बेरीज याच्याशी जुळवायची. पण वाडीवाडीतल्या केंद्रांवरच्या या प्रती गोळा करून मोजणीच्या टेबलापर्यंत आणायच्या कुणी? ज्याच्याकडे कागद नाही, तो नुसता आकडे उतरवून घेतो.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी केंद्राध्यक्ष 'क्लोज' दाबायला विसरला असेल, तर यंत्र निकाल दाखवत नाही. ते बाजूला ठेवतात.

१४ टेबलं, म्हणजे एका फेरीत १४ केंद्रं. ३०० केंद्रं असली तर २२ फेऱ्या. केंद्रं क्रमाने येतात, गावंही ओळीने. त्यामुळे चौथ्या फेरीची आघाडी बहुधा एवढंच सांगते, की आधी कुठली गावं उघडली. बाहेर मात्र फटाके तयारच असतात.

शेवटी चिठ्ठ्या टाकून ५ केंद्रं निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची कागदी पावती छापणाऱ्या यंत्राच्या, पावत्या मोजतात. उमेदवारवार खण, २५-२५चे गठ्ठे. यंत्राशी आकडा जुळला नाही, तर पावत्यांचा आकडा धरतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ८ पैकी ७ जागा महायुतीला. गुहागर शिवसेनेच्या (ठाकरे गट) भास्कर जाधवांनी ३ हजारांच्या आतल्या मताधिक्याने राखलं. राज्यात महायुती २३०.

गुलाल उडतो आहे, आणि आत यंत्रं पुन्हा सीलबंद होत आहेत. निकालाला कोर्टात आव्हान द्यायला, म्हणजे निवडणूक याचिकेला, ४५ दिवसांची मुदत आहे.