शिवी होती, बिरुद झालं

आपल्याकडे कुणी जरा दमदाटी केली की तो फॅसिस्ट, तोच हुकूमशहा आणि त्याचीच सत्ता सर्वंकष. हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीलाही हे तिन्ही आहेर मिळतात. आज मला ही गुंतवळ थोडी सोडवायची आहे.

१९२३ साल. मुसोलिनी पंतप्रधान होऊन वर्षही झालेलं नाही. इटलीतल्या स्थानिक निवडणुकांत बहुतेक जागा उमेदवारांच्या जिंकणाऱ्या यादीला आणि थोड्या अल्पमतातल्या यादीला मिळायच्या. मुसोलिनीच्या पक्षाने, म्हणजे फॅसिस्टांनी, काही ठिकाणी दोन्ही याद्या आपल्याच माणसांच्या भरल्या! म्हणजे सत्ताधारी आम्ही, विरोधकही आम्हीच. जोव्हान्नी आमेंदोला या उदारमतवादी पुढाऱ्याने वर्तमानपत्रात या प्रकाराला ‘तोतालितारिओ’ (इंग्रजीत टोटॅलिटेरियन, आपल्याकडे सर्वंकष) म्हटलं. ती शिवी होती. दोन वर्षांत मुसोलिनी तीच बिरुदासारखी मिरवू लागला. ऑक्टोबर १९२५ मध्ये मिलानला त्याने सूत्र सांगितलं: सगळं राज्याच्या आत, राज्याबाहेर काही नाही, राज्याविरुद्ध काही नाही. त्याच्या तीनच महिने आधी आमेंदोलाला फॅसिस्टांनी रस्त्यात गाठून झोडपलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला.

आपला ‘सर्वंकष’ हा शब्द मला त्या इटालियन शब्दापेक्षा नेमका वाटतो. कष् म्हणजे घासणं. पातेल्याच्या बुडाची खरवडसुद्धा न सोडणारी सत्ता. आता या कसोटीवर खुद्द इटली बघा. राजा होता तिथेच राहिला. पोपशी तर १९२९ मध्ये रीतसर करार झाला. कारखाने मालकांकडेच राहिले. संप तेवढे १९२६ पासून बेकायदा. खरवडून काढलं ते स्टालिनने. त्याने मालकवर्गच ठेवला नाही, शेतंसुद्धा सामूहिक केली. आणि तो तर फॅसिस्टांचा हाडवैरी.

म्हणजे फॅसिझम हा विचार आहे: राष्ट्र सगळ्यांच्या वर, नेत्याचा शब्द अखेरचा, युद्धाचं कौतुक, समाजवाद आणि उदारमतवाद दोघांवर दात. (गंमत म्हणजे हाच मुसोलिनी १९१४ पर्यंत समाजवादी पक्षाच्या मुखपत्राचा संपादक होता.) सर्वंकषता म्हणजे सत्ता किती खोल शिरली, ते. राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनी १९५१ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांना एका पंगतीत बसवलं. त्यांच्या मते मुसोलिनीच्या राजवटीला १९३८ पर्यंत तरी त्या पंगतीत पान नव्हतं. हुकूमशहा फ्रँकोचा स्पेनही बऱ्याच अभ्यासकांच्या मते साध्या हुकूमशाहीतच मोडतो.

साधी हुकूमशाही आणि सर्वंकष सत्ता यांतला फरक २५ जुलै १९४३ ला दिसला. आदल्या रात्री सुरू झालेल्या बैठकीत मुसोलिनीच्याच पक्षाच्या महापरिषदेने पहाटे १९ विरुद्ध ७ मतांनी त्याच्याविरुद्ध ठराव केला. संध्याकाळी तो राजाला भेटायला गेला. राजाने सांगितलं, तुमच्या जागी दुसरा नेमलाय. बाहेर पडल्यावर शिपायांनी त्याला रुग्णवाहिकेत बसवून नेलं. जर्मनीत हिटलरला बडतर्फ करणारं कुणी उरलंच नव्हतं. १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वारले तेव्हा ते पदही त्याने स्वतःकडेच घेतलं होतं. म्हणून तिथे वर्षभराने बैठकीच्या टेबलाखाली बॉम्ब ठेवावा लागला, आणि त्यातूनही तो वाचला.