जुन्या मिस्सेचा फादर: शब्द रोमचा, परंपरापण रोमचीच

(ग्रेगोरियन गायन. आवाज हळूहळू खाली येतो, निवेदन सुरू.)

लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली भाकर आणि द्राक्षरसाची मुख्य उपासना, लॅटिनमधली, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे भाषेचं भांडण आहे, कुणाला लॅटिन पाहिजे, कुणाला आपली रोजची भाषा, संपला विषय. भाषा त्यात आहेच, नाही असं नाही. पण ज्या फादर लोकांबद्दल आपण बोलणार आहोत, म्हणजे काळा पायघोळ झगा घालणारे, वेदीकडे तोंड करून मिस्सा करणारे, मिस्सेचं १९६२ चं पुस्तक वापरणारे, त्यांचा खरा पेच दुसरीकडेच आहे. यांची सगळी शिकवण सांगते की पोपचा शब्द पाळायचा. आणि २०२१ मध्ये पोपनीच सांगितलं की तुम्ही करताय ते आवरतं घ्या. आता?

आधी ते करतात काय ते तर बघू, कारण त्याशिवाय एवढा जीव कशात अडकलाय ते कळणार नाही.

(दृश्य: वेदीची पायरी)

मिस्सा सुरू होते तेव्हा फादर थेट वेदीवर चढत नाहीत. खाली पायरीपाशी थांबतात, स्तोत्र म्हणतात, मग कमरेत वाकून आपल्या पापांची कबुली देतात आणि वेदीसेवक, तो दहा वर्षांचा पोरगा का असेना, त्यांच्यासाठी देवाकडे दयेची प्रार्थना करतो. मग वर चढायचं. मधली मोठी प्रार्थना इतक्या हळू आवाजात की पहिल्या बाकावरच्यालाही ऐकू जात नाही, घंटा वाजली की लोकांना कळतं की भाकर वर उचलली. आणि हे जरा नीट बघा, कॅमेऱ्यात मस्त आलंय, भाकर पवित्र झाल्यापासून फादरांचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटलेलं आहे, पुस्तकाचं पान उलटायचं तरी बाकीच्या बोटांनी, शेवटी बोटं धुतली जाईपर्यंत ते सुटत नाही. का तर एखादा कण बोटाला राहिला असेल तर तो ख्रिस्ताचं शरीर आहे, तो खाली पडता कामा नये. लोक गुडघे टेकून, जिभेवरच स्वीकारतात.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर नव्या मिस्सेवाले, म्हणजे १९६९ नंतरची, बहुधा लोकांच्या भाषेतली मिस्सा करणारे, रागावतील आणि त्यांचं बरोबरच असेल. ख्रिस्त त्या भाकरीत खरोखर उपस्थित आहे ही श्रद्धा दोन्हीकडे एकच आहे, अगदी शब्दाला शब्द. जुन्या वळणाच्या फादरांचं म्हणणं एवढंच की नुसतं शिकवून भागत नाही, शरीराने ते रोज करावं लागतं, बोट चिकटवून ठेवणारा माणूस आपण काय हातात धरलंय ते विसरूच शकत नाही. मला हा त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा वाटतो. लॅटिनच्या मुद्द्यापेक्षा खूपच दमदार.

पाठ फिरवण्याचंही तसंच. लोकांकडे पाठ केली असं आपण म्हणतो, त्यांच्या हिशोबात फादर आणि लोक सगळे एकाच दिशेला बघतायत, पूर्वेला, जिथून प्रभू परत येणार. आणि ते हटकून एक आठवण करून देतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या मोठ्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेवर जो दस्तऐवज काढला त्यात फादरांनी लोकांकडे तोंड करावं असं कुठेही लिहिलेलं नाही, उलट लॅटिन जपावं असं लिहिलंय, ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं असंही लिहिलंय. हे खरंय. त्याच दस्तऐवजात लोकांच्या भाषेला जास्त वाव द्या, विधी सोपे करा, लोकांचा सक्रिय सहभाग वाढवा हे पण लिहिलंय, ते मात्र सांगताना आवाज थोडा खाली जातो.

(दृश्य: जुनी मिस्सेची पुस्तकं)

इतिहास थोडक्यात, कारण इथे लोक कंटाळतात. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेनंतर पोप पायस पाचवे यांनी १५७० मध्ये रोमन मिस्सेचं एक पुस्तक ठरवून दिलं, पण ज्या उपासना पद्धती २०० वर्षांपेक्षा जुन्या होत्या त्यांना हात लावला नाही, म्हणून मिलानची वेगळी पद्धत अजून आहे. बदल नंतरही झालेच. पवित्र सप्ताहाचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याचे, विधी पायस बारावे यांनी १९५५ ला बदलले, जॉन तेविसावे यांनी १९६२ मध्ये संत जोसेफचं नाव त्या मधल्या मोठ्या प्रार्थनेत घातलं. म्हणजे जशीच्या तशी शतकानुशतकं चालत आलेली मिस्सा हे म्हणणं थोडं ताणलेलं आहे. पण १९६९ ला पॉल सहावे यांनी नवी मिस्सा आणली तो बदल आकारानेच वेगळा होता हे त्यांचे समर्थकही मान्य करतात.

आणि एक मजेशीर गोष्ट मधेच सांगून टाकतो. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये लेखक कलाकारांनी पोपकडे अर्ज केला की जुनी मिस्सा पूर्ण बंद करू नका, ती युरोपच्या संस्कृतीचा ठेवा आहे. सह्या करणाऱ्यांत अगाथा ख्रिस्ती होत्या, ज्या कॅथलिक नव्हत्याच! परवानगी मिळाली, आणि तिला आजही लोक गमतीने अगाथा ख्रिस्ती परवानगी म्हणतात.

फ्रान्समध्ये मात्र गंमत नव्हती. आर्चबिशप मार्सेल लफेव्र, आफ्रिकेत मिशनरी म्हणून आयुष्य घातलेला, डाकारचा आर्चबिशप राहिलेला, स्वतः दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत बसलेला माणूस, त्यांनी १९७० मध्ये संत पायस दहावे यांच्या नावाने धर्मगुरूंचा संघ काढला आणि स्वित्झर्लंडमधल्या एकोनला सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारी शाळा, चालवली. रोमशी वाद वाढत गेला. ३० जून १९८८ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी पोपच्या परवानगीशिवाय चार बिशप अभिषिक्त केले. रोमने बहिष्कृत केलं. आणि तिथेच त्यांची स्वतःची माणसंही दुभंगली, काही फादर म्हणाले मिस्सा जुनीच पाहिजे पण पोपला सोडून नाही, त्यांनी त्याच वर्षी संत पीटरच्या नावाचा वेगळा संघ काढला, सुरुवातीला डझनभर जण, आज साडेतीनशेच्या वर.

हा दुभंग समजला की आजचा सगळा विषय समजतो. एकाच सेमिनरीत शिकलेले, एकाच पुस्तकातून मिस्सा करणारे, दोघांनाही वाटतं की आपणच रोमशी प्रामाणिक राहिलो. एकाच्या मते प्रामाणिकपणा म्हणजे रोमने कायम जे शिकवलं ते धरून ठेवणं, मग आत्ताचा पोप काही म्हणो. दुसऱ्याच्या मते पोप चुकतोय असं वाटलं तरी त्याच्या छपराखालीच राहायचं, सहन करायचं. मी कुणाला बरोबर म्हणणार नाही, पण अवघड रस्ता दुसऱ्याचा आहे असं मला वाटतं. पहिल्याला निदान रोज उठून स्वतःला समजवावं लागत नाही.

(दृश्य: सेंट पीटर्सचा चौक)

२००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी दार उघडलं, कुठल्याही फादरला बिशपला न विचारता जुनी मिस्सा करता येऊ लागली, एकाच विधीची दोन रूपं असं त्यांनी मांडलं. चौदा वर्षं बरी गेली. तरुण फादर शिकले, तरुण कुटुंबं आली. मग १६ जुलै २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी ते दार जवळपास लावून घेतलं. बिशपची परवानगी लागणार, पॅरिशच्या, म्हणजे गावच्या नेहमीच्या, चर्चमध्ये नको, नवीन गट नकोत. कारण त्यांनी सरळ सांगितलं, जगभरच्या बिशपांना विचारलं होतं, आणि ही सवलत एकीसाठी दिली होती तिचा वापर फूट वाढवायला, दुसरी व्हॅटिकन परिषदच नाकारायला होतोय.

हे कारण खोटं होतं का? इंटरनेटवर पंधरा मिनिटं घालवा, उत्तर मिळेल. पोपला शिव्या घालणारे चॅनल, नव्या मिस्सेला जाणारे म्हणजे अर्धे कॅथलिक असं सुचवणारे, सगळं आहे. पण शिक्षा झाली ती बहुतेक वेळा जी आई चार पोरं घेऊन रविवारी गपचूप मिस्सेला येते तिला, आणि तिच्या फादरला. आणि दुसरी बाजू बघा, लफेव्रंच्या संघाच्या फादरांकडे केलेली कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ग्राह्य धरायची सवलत कुणी दिली? फ्रान्सिस यांनीच, २०१५ मध्ये. माणूस एका चौकटीत बसत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते ती सांगतो. त्या हळू आवाजातल्या मोठ्या प्रार्थनेत सुरुवातीलाच चालू पोपचं नाव घ्यायचं असतं. रोज. म्हणजे १६ जुलैला तो आदेश आला त्या दिवशीही, दुसऱ्या दिवशीही, ज्याने आपली मिस्सा आवरायला सांगितली त्याचंच नाव त्याच मिस्सेत घ्यायचं, त्याच्यासाठी प्रार्थना करायची, आणि कुणाला ऐकू पण जाणार नाही अशा आवाजात, म्हणजे गाळलं असतं तरी कळलं नसतं. काही थोडे जण नाव गाळतात, त्यांच्या मते १९५८ नंतर पोपची गादी रिकामीच आहे, ते वेगळेच निघाले. बाकीचे घेतात. लफेव्रंच्या संघातले पण घेतात बरं का.

(दृश्य: फादर आणि लोक, मिस्सेनंतर गुडघ्यावर)

चालू घडामोडींबद्दल हे फादर काय म्हणतात हा प्रश्न सगळे विचारतात. आणि जुनी मिस्सा म्हणजे जगापासून पळून जाणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं. साध्या, गायनाशिवायच्या मिस्सेनंतर वेदीच्या पायरीवर काही प्रार्थना म्हणतात, मरियामातेला, संत मायकलला. १८८४ मध्ये लिओ तेरावे यांनी त्या सगळीकडे लावल्या, संत मायकलची त्यात १८८६ ला आली, तेव्हा चर्चच्या स्वातंत्र्याचा प्रश्न पेटलेला होता. १९३० पासून पायस अकरावे यांनी सांगितलं की त्या रशियासाठी म्हणा, तिथे श्रद्धा दडपली जातेय म्हणून. म्हणजे कित्येक वर्षं जगभर मिस्सा संपली की लोक गुडघ्यावर बसून रशियासाठी प्रार्थना करत होते. १९६५ ला त्या बंद झाल्या, जुन्या मिस्सेत राहिल्या, आणि युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर त्या म्हणताना काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

पण राजकारणात हे सगळे एका सुरात बोलतात असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी स्थलांतरितांच्या वादात जुन्या शिकवणीचा दाखला दिला की प्रेमालाही क्रम असतो, आधी घर, मग शेजार, मग देश, मग जग. फ्रान्सिस यांनी फेब्रुवारीत अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहून वेगळं सांगितलं, खरा क्रम भल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याच्या, बायबलमधल्या दाखल्यात बघा. जुन्या वळणाच्या फादरांना मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस तोंडपाठ, त्यामुळे व्हान्स यांचं म्हणणं चुकीचं म्हणायला ते सहज तयार होत नाहीत, पण त्याच अक्वायनसमध्ये हेही आहे की ज्याची गरज टोकाची त्याला आधी मदत करावी लागते. खरा अभ्यासू फादर दोन्ही सांगतो. जो अर्धंच सांगतो त्याला व्ह्यूज जास्त मिळतात.

फाशीच्या शिक्षेवरही असाच घोळ. २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या अधिकृत पुस्तकात बदल झाला की फाशी अमान्य. आधीचे पोप, संत, विद्वान ती तत्त्वतः मान्य करत आले, मग शिकवण बदलली की नीट उलगडली? इथे हे फादर खरंच अस्वस्थ होतात आणि तो प्रश्न प्रामाणिक आहे.

जिथे त्यांचं अजिबात पटत नाही तेही सांगतो. मुलांवरच्या अत्याचारांचा विषय निघाला की यातले बरेच जण म्हणतात, हे परिषदेनंतरच्या ढिलाईचं फळ. फ्रान्समध्ये २०२१ ला स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला, १९५० पासून धर्मगुरू आणि धर्मबंधू यांच्याकडून अत्याचार झालेल्यांचा अंदाज २ लाख १६ हजार, आणि सगळ्यात वाईट काळ त्या अहवालात १९७० च्या आधीचा आहे. म्हणजे लॅटिन होतं, झगे होते, शिस्त होती. आणि लफेव्रंनी अभिषेक केलेल्या चौघांपैकी एक, रिचर्ड विल्यमसन, २००९ मध्ये टीव्हीवर ज्यूंच्या संहाराबद्दल नको ते बोलले, गॅस चेंबर नव्हतेच म्हणाले. त्यांच्या संघानेच २०१२ ला त्यांना काढलं. पण असली माणसं या वर्तुळात का टिकतात हा प्रश्न चांगल्या फादरांनी टाळू नये, आणि काही टाळत नाहीतही.

(दृश्य: पायी चालणारे तरुण, झेंडे, दूरवर कॅथेड्रल)

पेन्टेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाला, फ्रान्समध्ये पॅरिसहून शार्त्रला तीन दिवस, साधारण १०० किलोमीटर पायी यात्रा निघते, सगळी जुन्या मिस्सेची, १९८३ पासून. २०२४ मध्ये १८ हजारांच्या आसपास लोक होते आणि बहुतेक तरुण. हे सगळे काही पोपविरोधी नाहीत, बरेच जण इतर रविवारी नव्याच मिस्सेला जातात, शांतता हवी म्हणून येतात.

मे २०२५ ला पोप लिओ चौदावे आले. २५ ऑक्टोबरला जुन्या मिस्सेचे पाठीराखे कार्डिनल बर्क यांनी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्येच जुनी मिस्सा केली, आधीची दोन वर्षं तिथे परवानगी मिळालेली नव्हती, त्यामुळे आनंद केवढा झाला असेल. नियमाचा कागद मात्र तोच, २०२१ चा. त्यानुसार १६ जुलै २०२१ नंतर गुरुदीक्षा झालेल्या फादरला जुनी मिस्सा करायची असेल तर आधी बिशपकडे लेखी अर्ज, मग तो रोमला जातो. आणि यातले कित्येक जण फादर झाले तेच मुळात ती मिस्सा पाहून. उत्तर येईपर्यंत ते पॅरिशमध्ये नव्या पुस्तकातून, लोकांच्या भाषेत, लोकांकडे तोंड करून मिस्सा करतात, आणि काही जण तिथेही अंगठा आणि बोट चिकटवून ठेवतात. त्याला नियमाची मनाई नाही.