वारुळाखालचा शेतकरी

रात्रभर पडून पाऊस आत्ता कुठं जरा उघडलाय. बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून जांबोटीकडं निघालं की रस्त्याच्या कडेला पानांवर अळंबी मांडून बायका बसलेल्या दिसतात. कुणी अळंबी म्हणतं, कुणी अळमी, कन्नडवाले अणबे म्हणतात, पण जुलै-ऑगस्टात ही दिसली की गाडीचा ब्रेक आपोआप लागतो.

ही वारुळाची अळंबी. हातात घेऊन बघा, छत्रीच्या मधोमध टोक आलंय, त्या टोकानंच ती माती फोडून वर येते. आणि देठ बघा, जमिनीवर दिसतो तेवढाच नाही, खाली मुळासारखा बारीक होत पार वारुळाच्या पोटात गेलेला असतो. तिथं खाली खरी शेती चाललेली असते. वाळवीला लाकूड आणि पालापाचोळा एकटीला नीट पचत नाही, म्हणून ती तो चावून स्पंजासारखा गठ्ठा रचते, त्यावर ही बुरशी वाढवते, बुरशी तो पाला मऊ करून देते आणि वाळवी तेच खाते. पावसात त्याच शेतातनं वर येतं ते आपल्या ताटात. या बुरशीला टर्मिटोमायसिस हे नाव रॉजेर हाइम नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1942 मध्ये दिलं, पण वाळवी ही शेती कोट्यवधी वर्षं करतेय.

म्हणून लोक विचारतात ना, याचं बी घरी लावता येईल का, तर नाही हो. वाळवीशिवाय ती घरच्या पिशवीत पिकत नाही. आणि वारूळ उकरलं तर खालचा गठ्ठाच मोडतो. आमच्या गावातली एक मावशी मला लहानपणी म्हणाली होती, "वरनं काढ गा, उकरू नको, पुढच्या वर्षी काय खातोस मग?" मला तर यापेक्षा मोठं शास्त्र सांगता येणार नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र काढायलाच जाऊ नका, तिथं कायदा वेगळा आहे.

आता ओळखायचं कसं, इथं मी जरा कडक बोलणार. चांदीचं नाणं टाकून बघा, लसूण काळा पडतो का बघा, किड्यानं खाल्लीय म्हणजे चालते, हे सगळं खोटं आहे. अंगणात, गवतात पांढरी, वर तपकिरी खवले असलेली मोठी छत्री येते, दिसायला अगदी देखणी, ती खाल्ली की उलट्या-जुलाब. तिच्यापेक्षा वाईट म्हणजे देठाच्या बुडाला वाटीसारखी पिशवी आणि वर कडं असलेली अमानिटा नावाच्या विषारी अळंबीची जात. तिच्यातल्या काहींचं विष उकळून जात नाही, त्रास 6 ते 12 तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, मधे माणसाला बरं वाटतं आणि आत लिव्हर निकामी होत असतं. शंका आली तर उरलेली अळंबी बरोबर घेऊन तडक हॉस्पिटल गाठा.

एक खूण घरी बघता येते. छत्रीचा देठ कापून ती कागदावर उपडी ठेवा, वर वाटी झाका, सकाळी कागदावर बीजाणूंची, म्हणजे अळंबीच्या बारीक बियांसारख्या भुकटीची, रांगोळी उमटते. वारुळाच्या अळंबीची गुलाबीसर येते, त्या अंगणातल्या खवलेवालीची हिरवट. पण एवढ्यावर खायची नाही, तिथं दहा-वीस पावसाळे काढलेल्या माणसाला दाखवूनच खायची.

घरी लावायची असेल तर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. बेळगावकडं भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, काय कमी आहे का? दोन-तीन इंच कापायचं, रात्रभर भिजवायचं, मग 80 डिग्रीच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवायचं आणि निथळत टाकायचं. इथंच सगळं ठरतं. मूठभर पिंजर घट्ट पिळा, हाताला ओल लागली पाहिजे पण थेंब पडता कामा नये. माझी पहिली पिशवी मी घाईत भरली, पाणी राहिलं, आठवड्यात हिरवी बुरशी आली, सगळी फेकावी लागली, वाईट वाटलं. बियाणं म्हणजे स्पॉन, ते ज्वारी-गव्हाच्या दाण्यावर वाढवलेलं असतं, बेंगळुरूजवळ हेसरघट्टच्या बागायती संशोधन संस्थेत मिळतं. पिंजराचा थर, बियाण्याचा थर असं पिशवीत भरायचं, भोकं पाडायची, अंधाऱ्या खोलीत टांगायची. पंधरा-वीस दिवसांत पिंजर आतनं पांढरंशुभ्र होऊन गठ्ठ्यासारखं धरतं, मग पिशवी फाडायची आणि दिवसातनं दोन-तीनदा पाणी फवारायचं. तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब फुटतात, ते बघायला मी रोज सकाळी चहाच्या आधी जातो.

कडा वर वळायच्या आत काढा, नाहीतर बीजाणू उडून खोकला लागतो, म्हणून झोपायच्या खोलीत पिशवी टांगू नका. एका पिशवीतनं दोन-तीन तोडे निघतात. मग ते पिंजर परसातल्या अळूच्या बुडात टाका, अळू असा काय मानवतो, विचारू नका.