तिरेट्टी बाजार, सकाळी साडेसहा

[पडद्यावर काळोख. झाकण उचलल्याचा आवाज. मग फक्त वाफ.]

रविवारची सकाळ. कोलकात्याच्या लालबाजार पोलीस मुख्यालयापासून चालत पाच मिनिटांवर, पोद्दार कोर्ट नावाच्या इमारतीजवळ, एरवी जिथे मोटारी उभ्या असतात तिथे आत्ता अ‍ॅल्युमिनियमची भांडी मांडलेली आहेत. एकावर एक तीन-चार मजले आणि खाली शेगडी. आपल्या मोदकपात्राची थोरली भावंडंच म्हणा. झाकण उघडलं की समोरचं माणूस क्षणभर दिसेनासं होतं. वाफ विरली की आत पांढरेशुभ्र, तळहाताएवढे बाओ.

"की लागबे, दादा?" काय हवं, असं बाई अस्खलित बंगालीत विचारतात. चेहरा चिनी, लक्ष आपल्या हातातल्या सुट्ट्या पैशांवर.

बाओ हातानेच फोडायचा. वरचं आवरण मऊ, किंचित गोड. आत डुकराच्या मांसाचं सारण, त्यात आलं आणि पातीचा कांदा. शेजारच्या पातेल्यात फिश बॉलचं सूप. पलीकडे शुमाई, सारणाच्या वाफवलेल्या छोट्या पुरचुंड्या. बांबूच्या पानात दोऱ्याने करकचून बांधलेला चिकट भात. दोरीला टांगलेले लालसर सॉसेज, त्यांना इथे लाप च्याँग म्हणतात. साडेआठला या, यातलं काहीही मिळणार नाही.

[रस्त्याची पाटी: सुन यात-सेन स्ट्रीट]

आम्ही इथे आलो ते एका साध्या प्रश्नापायी. चीनपासून इतक्या लांब, भारतात, अस्सल चिनी जेवण कुठे मिळतं? मुंबई-पुण्यात चायनीजच्या गाडीवर वाढलेल्या आमच्या पिढीला हा प्रश्न उशिराच पडला. लाल रंगाचा शेझवान राइस खाताना कोण विचारतो!

अठराव्या शतकात, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, आछू नावाचा एक चिनी माणूस बंगालमध्ये आला. हुगळीच्या काठी त्याला जमीन मिळाली, तिथे त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही आछीपूर. तिथे त्याची लाल रंगाची कबर आहे आणि चिनी नववर्षाला कोलकात्याची कुटुंबं तिथे जाऊन उदबत्ती लावतात. या बाजाराला नाव मात्र मिळालं एका व्हेनिसवाल्याचं. एडवर्ड तिरेट्टा, कॅसानोव्हाचा दोस्त, घरदार सोडून पळालेला आणि इथे येऊन शहराच्या रस्त्यांचा नि इमारतींचा अधिकारी झालेला. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

नंतर आलेल्यांनी धंदे वाटून घेतले. कँटनकडचे सुतारकामात, हुबेईचे दातांच्या दवाखान्यांत. आणि हाक्का लोक चामड्यात. बेंटिंक स्ट्रीटवर त्यांची जोड्यांची दुकानं, शहराच्या पूर्वेला टांगऱ्यात त्यांच्या टॅनऱ्या, म्हणजे चामडं कमावण्याचे कारखाने. हाक्का या शब्दाचा अर्थ पाहुणे कुटुंब. आपल्या मुलखातही पाहुणे, इथेही पाहुणे.

[जुनं बंद घर. कुलूप.]

१९६२ला चीनशी युद्ध झालं आणि पाहुण्यांचे संशयित झाले. आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडून घरंच्या घरं उचलली आणि रेल्वेने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली. सुमारे तीन हजार माणसं. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुलं होती, जन्मात चीन न पाहिलेलेही पुष्कळ. काही जण तिथे चार-पाच वर्षं राहिले. कोलकात्यातल्यांच्या वाट्याला शहराबाहेर जायला परवानगी मागणं आणि पोलिसांकडे हजेरी लावणं आलं. ज्यांना जमलं ते पुढच्या दहा-वीस वर्षांत देश सोडून गेले. एके काळी वीसेक हजारांची असलेली ही वस्ती आज दोन-एक हजारांवर आली आहे, असं इथले लोक सांगतात.

म्हणून आज या बाजारात बाओच्या शेजारी पुरी-भाजी दिसते. बाओ विकणारे सगळेच चिनी नाहीत. "पूर्वीची मजा राहिली नाही," असं प्रत्येक जुनं गिऱ्हाईक म्हणतं आणि दर रविवारी येतं.

[टांगरा. उंच भिंती, लोखंडी फाटकं, अरुंद गल्ली.]

टांगऱ्यात शिरताना नाकाला अजून शंका येते. इथे शेकडो टॅनऱ्या होत्या. डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शहराबाहेर हलवायचा आदेश दिला आणि धंदा हळूहळू बानतोल्याला गेला. मागे राहिल्या मोठमोठ्या शेड. भेटीला आलेल्या व्यापाऱ्यांना जेवू घालता घालता काही घरांनी खानावळ आधीच सुरू केली होती. आता चामड्याच्या जागी टेबलं लागली.

रात्री आठला इथे बसा. चिली चिकन मागवा आणि जमल्यास मुदपाकखान्याच्या दारात उभे राहा. आचारी कॉर्नफ्लॉर लावलेले तुकडे आधी तळून काढतो. कढई रिकामी करून पुन्हा इतकी तापवतो की तेल धुरकटतं. मग आलं-लसूण, उभी चिरलेली हिरवी मिरची, सोया, चिकन. दीड मिनिट. बशीत रस्सा नावाला आणि मिरचीचा ठसका आपल्यापर्यंत आधीच पोचलेला. गाडीवरच्या घट्ट, चकचकीत चिली चिकनची सवय असेल तर हे कोरडं वाटेल. मला विचाराल तर दुसऱ्या घासाला तक्रार संपते.

पण हे चिनी आहे का? हाक्कांच्या मूळ गावी, ग्वांगडाँगच्या डोंगराळ मुलखात, ही बशी नेली तर कोणी ओळखणार नाही. आपल्या हाक्का नूडल्सचंही तेच. त्या कोलकात्याच्या. इथेच जन्मलेल्या माणसांनी, इथल्या मिरचीत, इथल्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या. पोउ चाँग हे इथल्या चिनी कुटुंबाचं १९५८पासूनचं सॉसचं नाव. ते हिरव्या मिरचीचं सॉस करतात आणि बंगाल्यांची कासुंदी, म्हणजे मोहरीची चटणी, तीही करतात.

[स्वयंपाकघर. वाडगा. हात.]

घरचं जेवण वेगळं. ते बहुतेक मेन्यूकार्डावर नसतं. आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं आणि ओळख असावी लागते. आमची नव्हती. तीन चकरा मारल्यावर एका आजींना दया आली.

डुकराचं पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं मांस. अख्खं उकडलं. कातडीला सोया चोळला, ती बाजू तेलात तडतडवली, मग बोटभर जाडीच्या चकत्या. वाडग्यात कातडी खाली घालून एकमेकींना टेकवून लावल्या. वर मुई चॉय: मोहरीच्या जातीचा पाला खारवून, वाळवून काळपट झालेला, धुऊन चिरलेला. मग दोन-अडीच तास वाफेवर. शेवटी वाडगा ताटलीवर पालथा.

आजी म्हणाल्या, "हॉटेलात हे कोण खाणार? तिखट नाही."

चरबी विरघळलेली, पाल्याला लोणच्याचा जुनाट आंबटपणा. भात लागतोच. पाला त्यांनी स्वतः गच्चीवर वाळवला होता. मुलं परदेशी, त्यांना धाडायलाही त्यातलाच.

[काली मंदिर. संध्याकाळ.]

टांगऱ्यातून निघताना वाटेत चिनी काली मंदिर लागतं. इथे देवीला नूडल्सचा नैवेद्य असतो. पुजारी बंगाली, भक्त दोन्हीकडचे.

आता थोडं आपल्याकडचं. मुंबईत चिकन मांच्युरियन १९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी केलं, असं सांगतात. वाँग जन्माने कोलकात्याचे. म्हणजे आपल्या गल्लीतल्या गाडीचं मूळ शोधत गेलं की वाट टांगऱ्याच्या आसपासच कुठेतरी येते.

आणि कोलकाता सोडून गेलेले? त्यांतले पुष्कळ टोरांटोला पोचले. स्कारबरो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा इथे 'हाक्का चायनीज' अशा पाट्यांची उपाहारगृहं आहेत. माझा मावसभाऊ मिसिसागाला राहतो. तो सांगतो, शुक्रवारी रात्री तिथे टेबल मिळत नाही. गुजराती, पंजाबी, तमिळ, पाकिस्तानी आणि आपली मंडळी. चीनमधून आलेले क्वचितच. त्या शहरात चीनच्या प्रत्येक प्रांताचं उत्तम जेवण मिळतं, तरी त्याला डोंबिवलीची आठवण आली की तो चिली चिकनच्या रांगेत उभा राहतो. काउंटरवरचे काका त्याच्याशी हिंदीत बोलतात. त्यांना आठवण येते ती टांगऱ्याची.

[पुन्हा तिरेट्टी बाजार. साडेआठ.]

भांडी थंड झाली. बाईंनी उरलेले दोन बाओ पिशवीत घातले, पैसे घेतले नाहीत. मागे एक मोटार हॉर्न वाजवतेय, तिला जागा हवी आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी हिरव्या मिरचीच्या सॉसच्या दोन बाटल्या घेतल्या आणि टॉवेलात गुंडाळून बॅगेत खोल सरकवल्या. एक डोंबिवलीला, एक मिसिसागाला.