20 आठवडे

(दृश्य: लंडनच्या उपनगरातलं स्वयंपाकघर. टेबलावर लॅपटॉप, भिंतीवर कालनिर्णय.)

मुलं झोपली, ओटा आवरला, की मग हा अर्ज उघडतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोटासाठी सॉलिसिटर (म्हणजे वकील) लावावाच लागतो असं नाही. लग्नाला वर्ष झालेलं असलं की सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरता येतो, एकट्यानं किंवा दोघांनी मिळून. फी सुमारे 600 पौंड. कमाई कमी असेल तर सवलत मिळते. लग्नाचा दाखला मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं.

'का?' असं हा अर्ज विचारत नाही. संसार कायमचा मोडलाय, एवढं लिहून दिलं की पुरतं. 6 एप्रिल 2022 पासून हे असं आहे. त्याआधी जोडीदाराचे दोष मांडावे लागत, नाहीतर वर्षानुवर्षं वेगळं राहावं लागे. इंग्लंडमधल्या टिनी ओवेन्स यांना तर 2018 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानंही घटस्फोट नाकारला. पाच वर्षं वेगळं राहिल्याचं दाखवता यावं म्हणून त्या 2020 पर्यंत थांबल्या. नको असलेल्या लग्नात बाईला कायद्यानं असं बांधून ठेवावं, हे आजही ऐकवत नाही.

(दृश्य: कालनिर्णयाची पानं उलटतात.)

अर्जानंतर किमान 20 आठवडे थांबायचं, मग कंडिशनल ऑर्डर मागायची, म्हणजे घटस्फोटाला हरकत नाही असा कोर्टाचा पहिला आदेश. त्यानंतर 6 आठवडे आणि 1 दिवस. मग फायनल ऑर्डर, म्हणजे शेवटचा आदेश.

या फायनल ऑर्डरनं लग्न संपतं. पैशाचे हक्क मात्र उरतात. ब्रिटिश उद्योजक डेल व्हिन्स यांचा घटस्फोट 1992 चा. पुढे ते श्रीमंत झाले. 2011 मध्ये माजी पत्नीनं पैशासाठी दावा लावला आणि 2015 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं तो चालू दिला. म्हणून घर, पेन्शन, बचतीची वाटणी ठरली की कोर्टाचा शिक्का हवाच. तेवढा मसुदा सॉलिसिटरकडून करून घ्या. तो खर्च वाया जात नाही.

आपल्याकडे लग्न लागलेल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. हिंदू विवाह कायद्यात 'संसार मोडला' हे घटस्फोटाचं कारणच नाही. आणि परदेशातल्या घटस्फोटालाही लग्नाच्या कायद्यातलंच कारण हवं, असं भारतीय सुप्रीम कोर्टाचा 1991 चा निकाल म्हणतो. त्यामुळे एकतर्फी मिळवलेला इंग्लिश घटस्फोट भारतात अडू शकतो. दोघांची संमती असेल तर वाट पुष्कळ सोपी होते. बोलणं शिल्लक असेल, तर अर्ज दोघांनी मिळून करा, आणि त्याआधी भारतातल्या वकिलाला एकदा विचारा.

घरात मारहाण असेल, धाक असेल, तर यातलं काहीच एकटीनं करू नका. पुरावा आणि कमाईचे निकष जुळले, तर अशा वेळी इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी खर्चानं वकील मिळतो.