पोलिसांच्या दप्तरातला आपला कागद कसा मागावा

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईतल्या सर्वसाधारण माणसाचा पोलीस ठाण्याशी संबंध बहुधा अडचणीच्या वेळीच येतो. मोटारसायकल चोरीला जाते, सोसायटीत हाणामारी होते, घरातले कोणी अपघातात दगावते; अशा वेळी ठाणे अंमलदारासमोर बसून आपण जे सांगतो ते लिहून घेतले जाते, खाली आपली सही होते आणि आपण घरी परततो. त्या लिहिलेल्या मजकुराची खरी निकड पुढे काही महिन्यांनी जाणवते. विमा कंपनी कागद मागते, वकील कागद मागतात, वारसाहक्काच्या कामात कोणी तरी नोंदीची प्रत मागते. आपण पुन्हा ठाण्यात जातो, तेव्हा साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात, कारकून रजेवर असतो, आणि ‘उद्या या’ हे उत्तर घेऊन माणूस अर्ध्या दिवसाच्या पगारावर पाणी सोडून परत येतो. ही पायपीट बऱ्याच अंशी टाळता येते, आणि ती कशी टाळावी हे सांगण्यासाठीच आजचे हे भाषण आहे.

सर्वांत आधी कागदाचे नाव ठाऊक असले पाहिजे. ‘माझ्या प्रकरणाची सर्व माहिती द्या’ असा अर्ज केला, तर तो वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नेमके कोणते बाड उघडायचे ते कळत नाही आणि अर्ज परतवणेही त्याला सोपे जाते. दखलपात्र, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, गुन्हा असेल तर प्रथम खबर अहवाल, म्हणजे आपण ज्याला एफआयआर म्हणतो तो, तयार होतो आणि त्याला गुन्हा रजिस्टर क्रमांक पडतो. किरकोळ मारहाण, शिवीगाळ अशा बाबी अदखलपात्र म्हणून नोंदल्या जातात. त्यालाच लोक ‘एनसी’ म्हणतात. अपघाताने किंवा संशयास्पद रीतीने मृत्यू झाला तर अपघाती मृत्यूची नोंद होते, जिला ठाण्यात ‘एडीआर’ म्हटले जाते, आणि तिच्यासोबत मृतदेहाचा पंचनामा असतो. हरवलेल्या व्यक्तीची नोंद वेगळी. याखेरीज ठाण्यात दिवसभर काय घडले, कोण आले, पथक किती वाजता बाहेर पडले, हे स्टेशन डायरीत लिहिले जाते. आपण फोन केल्यावर पोलीस खरोखर आले होते का, असा प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर एफआयआरमध्ये नव्हे, स्टेशन डायरीत शोधावे लागते.

एफआयआर आपण स्वतः नोंदवला असेल, तर त्याच्या प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करण्याची मुळीच गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ही प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडित व्यक्तीला लगेच आणि विनामूल्य द्यायची असते. झेरॉक्सचे पैसेही आपण द्यायचे नाहीत. अदखलपात्र नोंदीची प्रतही तक्रारदाराला देण्याचा प्रघात आहे; ती ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वीच मागून घ्यावी, कारण पुढे तारीख आणि क्रमांक आठवत नाहीत आणि त्यांच्यावाचून जुनी नोंद शोधणे फार जिकिरीचे होते. त्याच संहितेच्या कलम १९३ अन्वये तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवण्याची जबाबदारीही पोलिसांवर टाकलेली आहे. ही तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि ज्यांचा तपास महिनोन्‌महिने पुढे सरकत नाही त्यांनी तिचा उल्लेख करून लेखी विचारणा जरूर करावी.

आपण तक्रारदार नसू, तरीही एक वाट खुली आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा असतो. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत आणि ती वगळणे योग्यच आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले एफआयआर पाहण्याची सोय आहे. मात्र दोषारोपपत्राला, म्हणजे तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात दाखल करतात त्या चार्जशीटला, हा नियम लागू नाही. ते सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रकरण एकदा न्यायालयात गेले की पक्षकारांनी तिथल्या नक्कल विभागात अर्ज करणे हाच सरळ मार्ग असतो, मग ते किल्ला कोर्ट असो, वांद्र्याचे असो की कुर्ल्याचे.

आता दुसरा प्रश्न: कागद कोणाकडे आहे? मुंबईत या प्रश्नावर अनेकांची फसगत होते. पोलीस हे महानगरपालिकेचे खाते नाही. ते राज्याच्या गृह विभागाखाली येते, म्हणून वॉर्ड ऑफिसात दिलेला अर्ज तिथे उपयोगाचा नाही. लोकलच्या डब्यात मोबाइल चोरीला गेला, तर नोंद मुंबई शहर पोलिसांकडे नसून लोहमार्ग पोलिसांकडे असते, आणि त्यांचे आयुक्तालय वेगळे आहे. फलाटावर दिसणारे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान तर केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे त्यांच्याकडचा अर्ज केंद्राच्या नियमांनी करावा लागतो. दादर स्थानकाच्या पुलावर एक घटना घडली आणि जिना उतरून रस्त्यावर दुसरी, तर दोन्हींची दप्तरे दोन ठिकाणी असू शकतात. दहिसरचा नाका ओलांडला की मीरा-भाईंदर, वसई-विरारचे आयुक्तालय सुरू होते, मुलुंडपलीकडे ठाण्याचे, वाशीच्या पुलापलीकडे नवी मुंबईचे. चूक झालीच, तर कायदा आपल्याला वाऱ्यावर सोडत नाही: चुकीच्या प्राधिकरणाकडे गेलेला अर्ज ५ दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवणे आणि तसे अर्जदाराला कळवणे हे माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे त्या कार्यालयाचे काम आहे. ‘आमच्याकडे येत नाही, तिकडे जा’ असे तोंडी सांगून अर्जच न स्वीकारणे कायद्याला धरून नाही.

जी कागदपत्रे सहज मिळत नाहीत त्यांच्यासाठी २००५ चा हा माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जाचे शुल्क १० रुपये; अर्जावर तेवढ्या किमतीचे कोर्ट फी तिकीट लावले तरी चालते. राज्य शासनाच्या माहिती अधिकार संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडल्यास शुल्क पडत नाही. प्रत्येक पानाच्या प्रतीला २ रुपये.

अर्जाची भाषा मात्र सावकाश विचार करून ठरवावी. २०१२ च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सामान्यतः १५० शब्दांच्या आत असावा, असा नियम आहे. यामुळे नाराज होण्याचे कारण नाही, कारण नेमका अर्ज तेवढ्यात आरामात बसतो. ‘पोलिसांनी माझ्या तक्रारीकडे दुर्लक्ष का केले?’ हा प्रश्न कितीही रास्त असला, तरी त्याचे उत्तर देणारा कागद दप्तरात तयार नसतो, आणि जे दप्तरात नाही ते नव्याने रचून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. तोच हेतू असा लिहावा: ‘अमुक तारखेला मी दिलेल्या, आवक क्रमांक अमुक असलेल्या तक्रार अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिप्पणी, तो अर्ज ज्या अधिकाऱ्यांकडे सोपवला त्यांची पदनामे व तारखा दर्शवणाऱ्या नोंदी, तसेच त्याच तारखेच्या रात्री ९ ते ११ या वेळेतील स्टेशन डायरीच्या नोंदी, यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात.’ या एका वाक्यात ‘का’ कुठेच नाही, पण मिळालेले कागद वाचल्यावर ‘का’चे उत्तर बहुधा कळून येते. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. कलम ६ मध्येच तसे म्हटले आहे. अर्ज मराठीत करावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. शिक्का पुसट उमटला असेल तर दुसऱ्यांदा मारून मागावा. संकोच वाटत असेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून त्याची पावती जपून ठेवावी. उत्तराची मुदत अर्ज कार्यालयाला मिळाल्याच्या तारखेवरून मोजली जाते.

सर्वसाधारण उत्तराला ३० दिवस. प्रश्न कोणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल, समजा एखाद्याला घरातून नेले आहे आणि कुठे ठेवले ते कळत नाही, तर ४८ तास. अशा अर्जाच्या माथ्यावरच ते ठळक लिहावे. सीसीटीव्हीच्या चित्रणाबाबत तर एक दिवसही दवडू नये. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांचे चित्रण १८ महिने जतन करण्याचा आदेश दिला आहे, परंतु रस्त्यावरील किंवा खासगी कॅमेऱ्यांवरचे चित्रण इतका काळ टिकेल असे गृहीत धरू नये. म्हणून प्रत मागण्याबरोबरच ‘हे चित्रण पुसू नये’ अशी लेखी विनंतीही त्याच दिवशी द्यावी.

नकार आला तर तो बहुतेक वेळा कलम ८ मधील ‘ज’ खंडाचा आधार घेऊन येतो: तपास चालू आहे, म्हणून माहिती देता येत नाही. हे कारण काही वेळा अगदी खरे असते, आणि साक्षीदाराचे नाव फुटून त्याच्या जिवावर बेतेल असा कागद कोणीही मागू नये. पण तपास चालू असणे एवढेच कारण पुरेसे नाही. माहिती दिल्याने त्या तपासात अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात सांगितले आहे. शिवाय कलम १० प्रमाणे न देण्याजोगा भाग झाकून उरलेला कागद देता येतो. म्हणून अर्जातच लिहावे की तिसऱ्या व्यक्तींची नावे व पत्ते झाकून प्रत दिली तरी चालेल. माझ्या मते पोलिसांकडच्या अर्जातले हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे; त्यामुळे दुसऱ्याच्या खासगीपणाची काळजी घेतली जाते आणि सरसकट नकाराचे निमित्तही उरत नाही.

‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर मिळाल्यास गप्प बसू नये. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे, आणि कागद नियमानुसार नष्ट केला असेल तर तसा आदेश आणि नोंद असायलाच हवी. त्या नोंदीची प्रत मागावी.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर ३० दिवसांत प्रथम अपील करावे. अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम ठाण्यातील माहिती अधिकाराच्या फलकावर लिहिलेले असते. नसेल तर क्रॉफर्ड मार्केटसमोरील आयुक्त कार्यालयात विचारावे. अपिलावर २० रुपयांचे तिकीट लागते. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचे ओझे नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर असते, आपल्यावर नव्हे. तिथेही निराशा झाली तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या बृहन्मुंबई खंडपीठाकडे दुसरे अपील. तिथे सुनावणीला बराच काळ लागू शकतो, हे मनाशी धरून असावे. मात्र मुदत उलटून गेल्यावर माहिती मिळाली, तर प्रतींचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या जनमाहिती अधिकाऱ्याला, म्हणजे अशा अर्जांना उत्तर देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, आयोग दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. सुनावणीला जाताना पोच असलेली प्रत, पोस्टाची पावती आणि आलेले प्रत्येक उत्तर तारखेप्रमाणे लावून सोबत न्यावे, कारण आयुक्तांसमोर मिळणारी मिनिटे मोजकीच असतात. नमस्कार.