या आकड्याचा मालक कोण?

मित्रहो, सुरुवात एका बगपासून करतो. फेसबुकच्या चॅटमध्ये एके काळी न वाचलेल्या मेसेजचा लाल '१' दिसायचा. उघडून बघावं तर नवा मेसेज नाहीच. आकडा जायचा आणि थोड्या वेळानं परत यायचा. इंजिनिअर तो बग काढायचे, काही दिवस बरे जायचे, मग तोच पुन्हा हजर. २०१४ साली कंपनीच्या एफ८ परिषदेत जिंग चेन यांनी ही हकीकत भर मंचावर सांगितली आणि त्यावरचा उपाय म्हणून 'फ्लक्स' ही माहिती एकाच दिशेनं वाहू देणारी रचना मांडली.

एवढी हुशार माणसं एका आकड्यापुढे का अडली? मेसेजची यादी एकीकडे, उघडलेली चॅटची खिडकी दुसरीकडे आणि वरचा आकडा तिसरीकडे, आणि तिघं एकमेकांना परस्पर निरोप देत होते. एखादा निरोप उशिरा पोचला की तिघांचे हिशेब तीन. मला हा बग फार शिकवून गेला, कारण आपण स्टेट म्हणतो त्याचं, म्हणजे ॲपमधल्या बदलत्या माहितीचं, सगळं दुखणं त्यात आहे: एकच गोष्ट अनेक जागी लिहून ठेवणं.

पेढीवरचा हिशेब आठवा. व्यवहार झाला की आधी कीर्दीत नोंद, मग त्यावरून खतावणी. खतावणीतली बाकी कुणी मनानं खोडून बदलत नाही. चूक झाली तर उलट नोंद करतात. २०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी केलेली रिडक्स ही स्टेट सांभाळणारी लायब्ररी याच शिस्तीची आहे. ॲक्शन म्हणजे काय घडलं ते सांगणारी कीर्दीतली ओळ. रिड्यूसर म्हणजे जुनी बाकी आणि नवी ओळ बघून नवी बाकी काढणारा मुनीम. त्याच ओळी त्याच क्रमानं दिल्या की बाकी तीच निघाली पाहिजे. रिडक्स स्वतः जुन्या ओळी जपत नाही, त्याच्याकडे फक्त आजची बाकी असते. ओळी जपतात डेव्हटूल्स, म्हणजे त्याची तपासणीची साधनं, म्हणून तिथे मागे जाऊन बघता येतं.

मग आम्ही सगळ्यांनीच अतिरेक केला. ड्रॉपडाउन उघडा आहे की बंद, तेही रिडक्समध्ये. सर्व्हरवरून आलेली यादीही तिथेच. यातली दुसरी चूक जास्त महाग पडली, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

सर्व्हरवरचा डेटा तुमचा नसतो. तुमच्या हातात असतो तो सातबाराचा उतारा. मूळ नोंद दप्तरात, आणि उतारा खरा त्या तारखेपुरता. त्यामुळे 'कुठे ठेवू' याच्या आधी 'हा कधीचा आहे' हे विचारायला हवं. २०१० च्या आरएफसी ५८६१ या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजात यासाठी एक सुंदर सोय आहे, 'स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट': हातातला जुना उतारा लगेच दाखवा आणि मागच्या मागे नवा मागवा. सर्व्हरवरचा डेटा आणणाऱ्या एसडब्ल्यूआर या लायब्ररीचं नावच त्यावरून आलं, रिॲक्ट क्वेरी ही तशीच दुसरी लायब्ररीही याच वाटेनं चालते.

हे हातानं लिहायला गेलात तर काय होतं? शोधाच्या चौकटीत तुम्ही 'पु' टाइप केलं, एक विनंती गेली. मग 'पुणे' पूर्ण केलं, दुसरी गेली. 'पुणे'चं उत्तर आधी आलं, पडद्यावर बरोबर यादी दिसली. पाव सेकंदानं 'पु'चं उत्तर रेंगाळत आलं आणि त्या यादीवर बसलं. आता चौकटीत 'पुणे' आणि खाली पुरंदर, पुसद, पुलगाव. माझे दोन दिवस यात गेले, कारण माझ्या मशीनवर सर्व्हर शेजारीच, उत्तरं नेहमी क्रमानं यायची. उपाय छोटा आहे. नवी विनंती पाठवताना जुनी ब्राउझरच्या ॲबॉर्ट-कंट्रोलरनं रद्द करायची, किंवा रिॲक्टमधल्या युजइफेक्टच्या क्लीनअपमध्ये, म्हणजे आधीचं काम आवरणाऱ्या भागात, 'हे उत्तर आता नको' अशी खूण ठेवायची. पण आधी हे होऊ शकतं, हे डोळ्यांसमोर यायला हवं.

बाकीचं पटकन सांगतो. कार्टमधल्या वस्तूंवरून बेरीज निघत असेल तर बेरीज वेगळी साठवू नका, दर वेळी काढा. फिल्टर आणि पान क्रमांक यूआरएलमध्ये ठेवा, म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक समोरच्याकडेही तेच फिल्टर घेऊन उघडते. ड्रॉपडाउन त्याच्या कॉम्पोनंटमध्येच, म्हणजे पडद्याच्या त्याच तुकड्याच्या कोडमध्ये, राहू द्या, रिॲक्टचं साधं युजस्टेट पुरेसं आहे.

आता लॅपटॉप बाजूला ठेवा आणि कागद घ्या. तुमच्या ॲपच्या एका पानावर जे जे बदलतं ते एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचा मालक: सर्व्हर, यूआरएल, कॉम्पोनंट, की दुसऱ्यावरून निघणारं. दहा मिनिटं देतो. ज्या ओळीपुढे दोन मालक येतील ती मला वाचून दाखवा, प्रश्नोत्तरं तिथूनच सुरू करू.